बसवून बघू

अण्णा माझ्याशी बोलताना माझ्या डाव्या कानाकडं बघायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, कानाला काही लागलंय. दुसऱ्या दिवशी मी कानातले बदलले. तिसऱ्या दिवशी मात्र डोकं फिरलं. घर भाड्यानं घेतलंय ओ, कान नाही, असं अगदी ओठावर आलं होतं. गिळलं. धारवाडात त्या भाड्यात, तेही केलगेरीच्या बाजूला, तळं चालत दहा मिनिटांवर, दुसरं घर मिळालं नसतं.

पुढं त्यांचं बैठं घर आणि परसात माझ्या दोन खोल्या. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे दोघं नवराबायको मला बाई म्हणायचे. त्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. सहा वर्षं राहिले तिथं. आता हुबळीला बदली होऊन आलेय, पण कुणी ‘बसवायचं’ असा शब्द काढला, मग गॅसची शेगडी का असेना, मला अण्णाच आठवतात.

कारण ‘बसवून बघू’ हा त्यांचा मंत्र. नळ गळतोय? बसवून बघू. खिडकीची कडी निघाली? बसवून बघू. एकदा माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाचं कुठं जमत नव्हतं ते मी अक्कांना सांगत होते, तर आतून आवाज आला, ‘‘बसवून बघू!’’ अक्का म्हणाल्या, ‘‘अहो, स्थळ आहे ते. बिजागरी नव्हे.’’

नोकरी सगळी मोजणी खात्यात गेलेली. साखळी घेऊन दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर पडवीत होडी बांधायला काढली. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, ‘‘जमीन मोजून झाली की ओ.’’ खरं कारण वेगळं होतं. नोकरीतली तीन वर्षं कारवारकडं काढली होती, तिथं कोळ्यांबरोबर शिडाच्या होडीत बसायची चटक लागली आणि ती पुढं तीस वर्षं कोरड्या गावांत बदल्या होऊनही सुटली नाही. होडी म्हणजे केवढी, तर चार माणसं झोपतील एवढ्या पलंगाएवढी. प्लायवूडची. शेजारच्यांना कळेना हिला म्हणायचं काय. आमच्याकडं मराठीत डोणी म्हणजे जनावरांनी पाणी प्यायची, आणि कन्नडात दोणी म्हणजे होडी. अण्णांना या गोष्टीचं भारी कौतुक. येईल त्याला सांगायचे, ‘‘एकीत पाणी आत, दुसरीत पाणी बाहेर. एवढाच फरक. हिच्यात दोन्ही होतं.’’

शिडाचं कापड आणायला मी त्यांच्याबरोबर हुबळीला दाजीबानपेठेत गेले होते. दुकानदार आपलाच, मूळ मिरजेकडचा. त्यानं गादीवर बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, ‘‘कार्य काय आहे? लग्न की मुंज?’’

‘‘शीड,’’ अण्णा म्हणाले.

‘‘बरं, बरं. नातीचं नाव का?’’

अण्णांनी शांतपणे त्याला वारा, डोलकाठी आणि कापडाचा ताण समजावून सांगितला. अर्धा तास. शेवटी मांडवाचं निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं कापड घेऊन आम्ही आलो आणि अक्कांनी ते शिलाई मशीनवर शिवलं, शिवताना अखंड बडबडत. पण टीप अशी घातली की पुढं कितीही वारा आला तरी उसवली नाही.

या होडीला वळवायला चाक नाही. मागं पाण्यात सुकाणू आणि त्याला जोडलेला हातभर दांडा. त्याची गंमत अशी की दांडा डावीकडं ढकलला की होडी उजवीकडं वळते, आणि उजवीकडं ढकलला की डावीकडं. मी म्हटलं, हे उलटं कशाला? अण्णा म्हणाले, ‘‘नवऱ्यासारखं आहे बाई. अक्काला विचारा.’’

एका हातात हा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. तिसरा हात देवानं दिलेला नाही, आणि तिथूनच ते पिवळं यंत्र आमच्या आयुष्यात शिरलं. हातात धरायचं जीपीएस. जुन्या मोबाइलसारखं जाडजूड, रबरी बटणांचं. तळ्याच्या पायरीवर उभं राहून एक बटण दाबायचं की ती जागा त्याच्या पोटात राहते. मग तळ्यात कुठंही जा, पडद्यावरचा बाण त्या पायरीकडंच बोट दाखवतो. एकच खोड. चालत असलात तरच त्याला दिशा कळते. थांबलात की बाण भंजाळल्यासारखा गरगर फिरतो. मी सकाळी शाळेला जाताना अंगणात घुटमळले की अण्णा म्हणायचे, ‘‘चला बाई, चला. उभं राहिलं की बाण फिरतो.’’

मी म्हटलं, ‘‘फोनमध्येही असतं की हे.’’

‘‘फोनची बटणं बोटाला कळत नाहीत,’’ एवढंच म्हणाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. गणिताची बाई म्हणे!

तर आता प्रश्न उभा राहिला की हे यंत्र होडीत बसवायचं कुठं. शहाण्या माणसाला यात पाच मिनिटं लागली असती. अण्णांना आठ महिने लागले. आधी सायकलच्या दिव्याची पकड आणून दांड्यावरच बसवलं. दांडा हलला की यंत्र हलायचं आणि शर्टाची बाही त्यात अडकायची. मग डोलकाठीवर, ट्यूबच्या रबरानं आवळून. तिथं शीड आडवं यायचं. मग साबणाची डबी बाकाला ठोकली. तिच्यात पाणी साचलं आणि उन्हानं पडदा असा चकाकायला लागला की काही दिसेना. त्यावर खोबरेल तेलाचा पत्र्याचा डबा कापून छप्पर केलं. ते पहिल्याच वाऱ्यात उडून तळ्यात गेलं.

एक दिवस स्वयंपाकघरातून अक्कांची आरोळी आली, ‘‘माझी इक्कळ! माझी इक्कळ कुठाय?’’ इक्कळ म्हणजे सांडशी. शब्द कन्नड, पण आमच्या मराठी घरांत सर्रास. अण्णा पडवीतून धावत आत गेले. ‘‘काय झालं? आलो की.’’

‘‘तुम्हाला कुणी बोलावलं?’’

‘‘तू ‘इकडं, इकडं’ म्हणालीस नव्हे?’’

‘‘इक्कळ म्हटलं मी! इक्कळ!’’

आणि ती इक्कळ अण्णांच्याच हातात होती, तिच्या जबड्यात पिवळं यंत्र. मी हसून हसून उंबऱ्यावर बसले. अक्कांनी आठवडाभर पदरानं पातेली उतरवली. त्या हसण्याची किंमत मला पुढं मोजावी लागणार होती, ते तेव्हा कुठं माहीत!

मला कुतूहल होतं ते एका गोष्टीचं. या सगळ्या जागा झाल्या, पण सरळ समोर, मधल्या बाकाच्या मधोमध, जिथं मी तुम्ही कुणीही बसवलं असतं, तिथं अण्णा ते बसवतच नव्हते. होडी तळ्यावर बांधलेली, म्हणून तालीम पडवीत चालायची. पलंग म्हणजे होडी, केरसुणीचा दांडा म्हणजे सुकाणू, आणि मी कपडे वाळत घालायची काठी धरून डोलकाठी. गल्लीतली माणसं जाताना थांबायची, बघायची, आणि ‘‘नडीली, नडीली,’’ चालू द्या म्हणून पुढं जायची. एका रविवारी माझे हात भरून आले. मी काठी टाकली आणि म्हटलं, ‘‘अण्णा, आता पुरे. समोर बसवा आणि मोकळे व्हा. समोर काय वाईट आहे?’’

‘‘समोर दिसत नाही.’’

‘‘समोर दिसत नाही म्हणजे?’’

अण्णांनी केरसुणी खाली ठेवली. ‘‘बाई, तुमचं नाक कसं आहे हो? चार वर्षं झाली तुम्हाला येऊन. सरळ बघितलं की तिथं डाग असतो. डोळ्याच्या पडद्याला मधोमध भोक पडल्यासारखं झालंय, दोन्हीकडं. कडेनं दिसतं. तुमच्या कानाकडं बघितलं की तुमचं तोंड डावीकडून थोडं थोडं येतं. म्हणून कानाकडं बघतो.’’

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार वर्षं मी त्या माणसाला मनातल्या मनात शिष्ट म्हणत होते, आणि ते माझं तोंड बघायची धडपड करत होते. मी रडायला लागले तर म्हणतात कसे, ‘‘रडू नका, चेहरा हलतो. आधीच कमी दिसतं.’’

डॉक्टरांनी सांगितलं होतं की हळूहळू वाढणार. किती हळू, ते कुणी सांगत नाही. आजवर होडीत शेजारचं कुणीतरी बरोबर असायचं. अण्णांना तळ्यावर एकट्यानं जायचं होतं, पलीकडच्या काठाजवळ पाण्यात एक वाळकं झाड उभं आहे त्याला वळसा घालून परत निघाल्या पायरीवर यायचं होतं. कुणाच्या हाताला न धरता. रस्त्यावर, बँकेत, देवळात, सगळीकडं आता कुणी ना कुणी दंड धरत होतं. तळ्यावर तेवढं कुणी दंड धरायला नसतं, असं ते म्हणाले.

अक्कांना डोळ्यांचं सगळं माहीत होतं. त्यांनी अट घातली होती. एकदा जायचं. एकट्यानं. अंगात ते नारिंगी जाकीट घालून, आणि अक्का पायरीवर उभ्या असताना. त्याच पायरीला होडी लागली तर होडी राहील. नाही लागली तर होडी विकायची आणि पाण्याचं पुन्हा नाव काढायचं नाही. अण्णांनी शब्द दिला होता. मोजणी खात्यातला माणूस, दिलेला शब्द म्हणजे रोवलेला दगड.

कोडं सुटल्यावर जागा लगेच सापडली. मधल्या बाकावर, पण मधोमध नाही, हातभर डावीकडं. लाकडाच्या तुकड्याला खाच पाडून, यंत्राचा माथा होडीच्या टोकाकडं आणि पडदा अण्णांकडं जरा तिरपा. अण्णा सरळ पुढं बघायचे आणि डोळ्याच्या कडेनं त्यांना बाण दिसायचा. आकडे नाही, अक्षरं नाही, नुसता जाड काळा बाण. ‘‘बसला!’’ म्हणून त्यांनी पलंगावर अशी उडी मारली की फळी मोडली. तीही मग बसवून बघितली.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी सकाळी आम्ही तळ्यावर गेलो. पायरीवर मी आणि अक्का. बाजूला यल्लप्पा, तो त्या तळ्यात टोपलीसारख्या गोल होडीतून मासे धरायचा. काही झालंच तर मदतीला म्हणून त्याला सांगून ठेवलं होतं. अण्णांनी पायरीवर उभं राहून बटण दाबलं, होडीत बसले आणि निघाले.

जाताना वारा पाठीशी होता. निळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं शीड असं फुगलं की तळ्यावर कुणाचं तरी लग्न लागतंय असं वाटावं. झाडाला वळसा घातला तेव्हा यल्लप्पा म्हणाला, ‘‘भारी अदारीपा नम्म अण्णा!’’ आमचे अण्णा भारी म्हणून. अक्कांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळून घेतलं होतं.

परत येताना वारा तोंडावर. अशा वेळी शिडाची होडी सरळ येतच नाही. ती आधी डावीकडं तिरपी जाते, मग वळून उजवीकडं तिरपी, अशी नागमोडी पुढं सरकते. हे अण्णांनी मला फरशीवर खडूनं काढून दाखवलं होतं. मी वर कोनसुद्धा मोजून दिले होते! पण फरशीवरचं वेगळं आणि समोर पाण्यात माणूस असताना वेगळं. होडी डावीकडं तिरपी निघाली. त्या बाजूला जलपर्णीचं दाट हिरवं रान माजलेलं. होडी त्याच्याकडं जातेय, जातेय, वळतच नाही. मला वाटलं, संपलं, बाण दिसेनासा झाला. आणि मी ओरडले. शाळेतला गळा आहे माझा, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

‘‘अण्णा! इकडं! इकडं! इकडं!’’

होडी थबकल्यासारखी झाली. आणि मग, आमच्याकडं वळायची सोडून, आणखी डावीकडं वळली आणि सरळ त्या हिरव्या रानात घुसली. शीड लटपटलं आणि पडलं.

यल्लप्पानं जाऊन त्यांना ओढून आणलं. गुडघ्यापर्यंत चिखल, गळ्यात जलपर्णीची जांभळी फुलं. पायरीवर उतरताना यल्लप्पानं दंड धरला तो त्यांनी धरू दिला. अक्कांच्या बाजूला बघत म्हणाले, ‘‘नाही जमलं.’’ बस्स. एवढंच.

संध्याकाळी मी नळावर पाणी भरत होते तेव्हा अण्णा आले. हळू आवाजात म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही एडक्क का म्हणालात हो?’’

‘‘एडक्क?’’

एडक्क म्हणजे कन्नडात डावीकडं. माझ्या हातातली घागर भरून वाहायला लागली. ‘‘अण्णा, मी इकडं म्हणाले. इकडं या, आमच्याकडं.’’

अण्णांनी चाचपून नळ बंद केला. मग हसायला लागले. ‘‘अरे देवा! मला वाटलं, उजवीकडं यल्लप्पाची जाळी असेल, खुंटा असेल, मला न दिसणारं काहीतरी तुम्हाला दिसलंय. म्हणून आणखी एडक्क. सत्तर वर्षं दोन भाषांत काढली बाई, आणि बुडालो ते दोन्हींच्या मधे!’’

‘‘मी आत्ता जाऊन अक्कांना सांगते.’’

‘‘सांगायचं नाही. अट एकट्याची होती. बाण बरोबर दाखवत होता, चार हात पुढं जाऊन मी वळणारच होतो. बाण सोडून तुमचं ऐकलं ते मी. मोजणीत असं चालत नाही.’’ आणि आत गेले.

होडी परसात पालथी घातली. तिच्यावर मांजर उन्हाला झोपायला लागलं. गिऱ्हाईक बघायचं काम अण्णांनी स्वतःच यल्लप्पाला सांगितलं. मला हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण माझ्या खोलीतली पुस्तकांची फळी निखळली, मी जाऊन सांगितलं, आणि अण्णा म्हणाले, ‘‘सुताराला बोलवा.’’ त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझ्या एका शब्दानं त्या माणसाचा शब्द काढून घेतला होता.

दिवाळीच्या चकल्या करायला मी अक्कांकडं बसले होते. सोऱ्या माझ्या हातात, कढई त्यांच्यासमोर. तिसऱ्या घाण्याला मला राहवलं नाही आणि मी सगळं ओकून टाकलं. इकडं, एडक्क, नळावरचं बोलणं, सगळं. अक्कांनी झाऱ्यानं चकली उलटली.

‘‘मला काय कान नाहीत होय ग? मी शेजारी उभी होते तुझ्या. तू इकडं म्हणालीस आणि हे डावीकडं वळले. तिथंच कळलं मला.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘बोलले असते तर होडी राहिली असती.’’

त्यांनी गॅस बारीक केला. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते तेलाच्या धुरानं नव्हे. ‘‘त्यांना दिसत नाही याला मी भीत नाही ग. दिसत नसलं तरी नवरा आहे, सांभाळीन. पण ते तिकडं आणि मी काठावर उभी राहून नुसतं बघायचं, याची मला भारी भीती वाटते. मेले होते मी त्या दिवशी उभी राहून.’’

चकल्यांचा तो घाणा जळला. अक्कांनी तो कुत्र्याला घातला, हात धुतले आणि स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाल्या, ‘‘मग काठावर उभं राहायचंच कशाला?’’

भाऊबीज झाल्यावर त्या सकाळी पडवीत आल्या आणि अण्णांच्या पुढ्यात सांडशी ठेवली. ‘‘घ्या. बसवून बघा. पण आता एकटं जायचं नाही. मी येणार.’’

‘‘तुला पोहता येत नाही.’’

‘‘तुम्हाला दिसत नाही. मी काही बोलले?’’

तोवर अण्णांना कडेनंही बाण पुसट दिसायला लागला होता. तेव्हा असं ठरलं की बाण अक्का बघणार आणि सांगणार. कन्नड बंद, होडीत फक्त डावा आणि उजवा. पण अक्का पुढच्या बाकावर अण्णांकडं तोंड करून बसणार. बाकी कसंही बसायला त्यांनी साफ नकार दिला, पाण्याकडं बघितलं की पोटात ढवळतं म्हणून. आता आली का पंचाईत! समोरासमोर बसल्यावर अक्कांचं डावं ते अण्णांचं उजवं. वर तो दांडा उलटा चालणारा. अण्णा म्हणाले, आधी तिचं उलटवायचं, मग दांड्याचं उलटवायचं, तोवर होडी जलपर्णीत.

इथं मात्र माझं शिक्षण कामाला आलं. मी पडवीत खडू घेऊन बसले. बाण होडीच्या डाव्या अंगाला वळला, समजा. ती बाजू म्हणजे अक्कांचा उजवा हात. अक्का म्हणणार ‘उजवा’. अण्णांनी काही विचार न करता दांडा आपल्या उजवीकडं ढकलायचा. होडी वळणार डावीकडं, बाणाच्याच बाजूला. मी दोनदा ताडून बघितलं. वजा गुणिले वजा अधिक!

‘‘अण्णा, काहीही उलटवायचं नाही! अक्का म्हणतील तिकडंच दांडा ढकला. तुम्ही दोघं एकमेकांकडं तोंड करून बसलात की सगळं आपोआप बरोबर येतं.’’

अण्णांनी मला ते तीन वेळा सांगायला लावलं. मग माझ्या कानाकडं बघत म्हणाले, ‘‘चाळीस वर्षं संसार केला, हे कुणी आधी सांगितलं नाही.’’

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ते निघाले. अक्कांनी नऊवारीसारखा काष्टा घातला होता, वर नारिंगी जाकीट, आणि डोळे यंत्रावर असे रोखलेले की जणू दूध उतू जायचंय. झाड तेच, पायरी तीच. मी पायरीवर उभी, ओढणीचा बोळा तोंडात धरून. यल्लप्पानं विचारलं, ‘‘हल्लु नूसाकत्तावेनरी?’’ दात दुखतायत का म्हणून. मी मान हलवली.

पण होडी निघाल्यापासून एका बाजूला कललेली. पहिल्यांदा मला वाटलं, वाऱ्यानं. मग बघितलं तर वारा पडला तरी कललेलीच. यल्लप्पा पुटपुटायला लागला. झाडाला वळसा घातला, परतीची नागमोडी सुरू झाली, डावीकडं तिरपी, त्या हिरव्या रानाकडं, आणि होडी तशीच कललेली. बोळा नसता तर मी पुन्हा ओरडले असते, खोटं कशाला सांगू. पाण्यावरून अक्कांचा आवाज आला, बारीक पण ठाम, ‘‘उजवा... उजवा... आता डावा, डावा, डावा!’’ शीड फडफडलं, पलीकडं गेलं, होडी वळली. मग आणखी एकदा. मग सरळ आली आणि तिचं नाक पायरीच्या दगडाला लागलं. टक्.

मी बोळा काढला. पहिलं काय विचारावं? ‘‘होडी कलली का होती?’’

अक्का काष्ट्याचं पाणी पिळत होत्या. ‘‘हे मला म्हणाले, मधे बस, होडी कलते. मी म्हटलं, मधे बसले तर मी तुम्हाला दिसत नाही. तुमच्या डावीकडं सरकते. तर म्हणाले, बुडशील. मी म्हटलं, कलू दे.’’

‘‘मग?’’ मी अण्णांना विचारलं.

अण्णा अजून होडीतच बसले होते, दांडा धरून. माझ्या कानाकडं बघितलं नाही. सरळ पुढं, पायऱ्यांच्या वर कुठंतरी बघत होते. आणि डावीकडं, त्यांच्या डोळ्याच्या कडेला, अक्का उभ्या होत्या.

‘‘बसवून बघितलं,’’ अण्णा म्हणाले.